रात्री रडणारी बाई आणि इतर शेजारी

'परदेशात राहून आलेल्यांना विचारा' असं आवाहन संपादकांनी गेल्या अंकात केलं आणि मला न विचारता माझं नाव पुढे ढकललं. माझी पात्रता एवढीच, की २००८ ते २०२२ अशी चौदा वर्षं मी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, टाउन्सव्हिलला, एका वृद्धाश्रमात नर्स होते. आता गुहागर तालुक्यात सासरच्या वाडीत नारळ मोजते. वाटलं होतं, लोक व्हिसा, पगार, घरभाडं विचारतील. तशी पत्रं चार-पाचच आली. बाकी सगळी जनावरांबद्दल. कोकणी माणूस, दुसरं काय विचारणार!

प्रश्न : काकू, माझ्या मुलाला तुमच्याच टाउन्सव्हिलला नोकरी लागली आहे. जूनमध्ये निघेल. धाकटीने मोबाइलवर तिथले विषारी प्राणी दाखवले तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. साप, मगरी, कोळी, समुद्रातसुद्धा विष! पाठवू की नको? — एक आई, लांजा

ताई, पाठवा. आणि धाकटीचा मोबाइल काढून घ्या.

तुम्ही लांज्याच्या. घराला चिऱ्यांचा गडगा असणार, गडग्यात फुरसं असणार, आणि आगोटीची लाकडं भरताना हात घालण्याआधी तुम्ही काठी आपटत असणार. दिवेलागणीनंतर साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं, तेही तुमच्याकडे असेलच. हे तुम्हाला कोणी वर्गात शिकवलं नाही. आईला करताना बघितलंत आणि हात शिकले. तुमच्या मुलालाही तिथल्या हातांकडे बघून शिकावं लागेल, एवढीच अडचण आहे.

आकडे ऐकायचे तर ऐका. ऑस्ट्रेलियात सापाने वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं जातात. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांची लोकसंख्या आपल्यापुढे मूठभर, हे धरलं तरी हिशोब बदलत नाही. विष त्यांच्या सापांचं जास्त जहाल, पण तिथे शेतावर पायात बूट असतो आणि वेळेला हेलिकॉप्टर येतं. खरं म्हणजे तिथल्या आईने मुलाला लांज्याला पाठवताना रडायला हवं.

जपायचं ते पाण्याला. आमचे हे पहिल्याच वर्षी गळ घेऊन खाडीवर गेले. तिथला बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच, आणि दाभोळ खाडीवर वाढलेला माणूस जिताडा म्हटल्यावर घरात थांबतो का? मिळालाही चांगला हातभर. मग सवयीने हे पाण्याच्या कडेला उकिडवे बसले आणि तिथेच मासा साफ करायला घेतला. मागून एक म्हातारा गोरा ओरडत आला, यांना दंडाला धरून वर ओढलं आणि पाटीसमोर उभं केलं. पाटी यांनी येतानाच वाचली होती. पण मगर म्हणजे आपल्या वाशिष्ठीत असते तशी, हा यांचा हिशोब. वाशिष्ठीतली मगर आणि ही खाऱ्या पाण्यातली मगर यांच्यात बोका आणि वाघ एवढं अंतर आहे. नर पाच मीटरपर्यंत वाढतो, खाडीतून समुद्रातही जातो. पाण्याच्या कडेपासून निदान पाच मीटर लांब राहायचं, माशाची आतडी तिथे टाकायची नाहीत, हा तिथल्या पोराटोरांना पाठ असलेला नियम. मुलाला एवढं एक पाठ करायला लावा.

दुसरं समुद्राचं. नोव्हेंबर ते मे तिथे एका जेलीफिशचा हंगाम असतो. पाण्यात दिसत नाही, तिचे धागे अंगभर लागले तर काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. म्हणून किनाऱ्यालगत जाळं लावून पोहायची जागा आखलेली असते. उतरायचं ते तिथेच. वाळूत खांबावर व्हिनेगरची बाटली ठेवलेली असते, ती कुठे आहे ते पाण्यात पाय घालण्याआधी बघून ठेवायचं. त्या महिन्यांत गोऱ्या बायकासुद्धा मानेपासून घोट्यापर्यंत लायक्राचा पोशाख घालून पोहतात. मी गुहागरच्या समुद्रात जन्मभर पंजाबी ड्रेसमध्येच उतरलेली. आयुष्यात पहिल्यांदा किनाऱ्यावर मी फॅशनमध्ये होते.

कोळ्याचं म्हणाल तर तळहाताएवढा कोळी भिंतीवर येतो, त्याला हंट्समन म्हणतात. झुरळं खातो, बिचारा. आपल्या माजघरातही त्याचा भाऊ असतो. पूर्वी चाळीसच्या बल्बमध्ये दिसत नव्हता इतकंच.

शहराबाहेर संध्याकाळी गाडी हळू चालव म्हणावं, वॉलबी, म्हणजे छोट्या जातीचं कांगारू, एकदम आडवी येते. आणीबाणीचा नंबर तीन शून्य. आणि फोन केव्हाही करू नका, त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असतं. आमच्या सासूबाई रात्रीची जेवणं आटोपून निवांत फोन करायच्या, तेव्हा आमच्याकडे दोन वाजलेले असायचे.

प्रश्न : काकू, मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन सहा महिन्यांपूर्वी टाउन्सव्हिलला आले. रात्री मागच्या बाजूला बाई रडते. रोज नाही, पण रडते. नवरा म्हणतो पक्षी आहे. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात नारळ उतरवून टाक. शिवाय टॉयलेटमध्ये हिरवा बेडूक आहे, तो जात नाही. हसू नका. — एक नवी सून

हसत नाही गो. मी रडले होते.

माझी त्या घरातली पहिलीच रात्र. ऑगस्ट महिना, तिथला हिवाळा, म्हणजे आपल्याकडची दिवाळीची हवा. रात्री एकच्या सुमाराला मागच्या अंगणात बाई रडायला लागली. आधी बारीक हुंदके, मग सूर चढत गेला, मग तिला दुसरी मिळाली, मग तिसरी. आधी वाटलं शेजारी कोणी गेलं. मग वाटलं कोणी कोणाला मारतंय. यांना हलवलं तर 'टीव्ही असेल' म्हणाले आणि कूस बदलली. आमच्याकडे रात्री बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे दुधाबरोबर पाजलेलं. पर्समध्ये वेळणेश्वराचा अंगारा होता. तो कपाळाला लावला, उंबरा नव्हता म्हणून दाराच्या पट्टीला लावला, आणि उजाडेपर्यंत ओट्याला टेकून बसले.

सकाळी शेजारच्या म्हातारीने मला परसात नेऊन झाडाखाली बोट दाखवलं. मला पाचोळाच दिसत होता. मग पाचोळ्याला डोळे फुटले. मोठे, पिवळे. काड्यांसारखे लांब पाय, वाळक्या गवताचा रंग, हातभर उंच पक्षी, आणि आपण बघतोय हे कळल्यावर पुतळ्यासारखा थिजलेला. त्याचं नाव बुश स्टोन कर्ल्यू. आपल्याकडे माळावर, कातळावर असतो तो करवानक त्याचाच जातभाई. दिवसा असा दगड होऊन उभा राहतो आणि रात्री गळा काढतो. तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे, पण लगेच कबूल करू नको.

पुढे त्याच पक्ष्याने आमच्या वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये खडीवर दोन अंडी घातली. घरटं नाही, काडी नाही. मी म्हटलं, झालं, संध्याकाळपर्यंत चाकाखाली जाणार. तर व्यवस्थापकांनी चार गाड्यांच्या जागेला दोरी बांधली. पिल्लं निघेपर्यंत, जवळपास महिनाभर, डॉक्टर लांब गाडी लावून उन्हातून चालत यायचे. जवळ गेलं की मादी पंख पसरून फिस्स करायची, अगदी नागासारखी.

आमच्याकडे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक आजी होत्या. रात्री तो आवाज आला की त्या बोलता बोलता थांबायच्या. त्यांच्या लोकांत तो पक्षी मरणाशी जोडलेला. बाकीच्या नर्स याला वय झाल्याचं लक्षण समजायच्या. मी एकदा त्यांना सांगितलं, आमच्याकडे रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली तर माझी आई चुलीत मीठ टाकायची. आजींनी माझा हात धरला आणि टिटवी कशी ओरडते ते करून दाखवायला लावलं. रात्री अडीच वाजता, वॉर्डात, मी टिटवीसारखी ओरडले. तेव्हापासून गोळ्या त्या माझ्याच हातून घ्यायच्या.

तेव्हा सासूबाईंना सांग, ही टिटवीची मोठी बहीण आहे. नारळ उतरवायचाच असेल तर उतरव, पण नंतर फोडून खा. तिथे रस्त्याकडेच्या माडांचे नारळ कोवळे असतानाच पालिका काढून नेते, कोणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला बाईच्या रडण्यापेक्षा जास्त धक्का बसला होता.

हिरवा बेडूक म्हणजे झाडावरचा बेडूक, ओलाव्याला येतो. बाहेर ठेवलास तर दोन दिवसांत परत. आमचा तीन वर्षं होता, मी त्याला तात्या म्हणायचे. झाकण उघडून बघायचं, 'तात्या, सरका' म्हणायचं, आणि मग बसायचं. त्याने काही होत नाही.

अंगणात दिव्याखाली मातकट, चामखिळी अंगाचा, मुठीएवढा बसतो तो मात्र वेगळा, केन टोड. त्याच्या खांद्यांवरच्या गाठींत विष असतं, कुत्र्याने तोंडात धरला तर कुत्रं दगावू शकतं. तो तिथला नव्हेच. उसाच्या मुळांना लागणाऱ्या किडीवर उपाय म्हणून १९३५ मध्ये हवाई बेटांवरून शंभरेक आणले आणि केर्न्सजवळ गॉर्डनव्हेलला वाढवून सोडले. किडीचे भुंगेरे उसाच्या शेंड्याला, टोड जमिनीवर. भुंगेरे राहिले बाजूला, बाकी दिसेल ते खात टोड देशाच्या उत्तर भागात पसरत गेला. तिथले लोक त्याला पकडून पिशवीत घालून आधी फ्रिजमध्ये गारठवतात आणि मग फ्रीझरमध्ये टाकतात, म्हणजे त्याला यातना होत नाहीत म्हणे. हे मला माहीत नव्हतं. शेजारणीने 'फ्रीझरमधून आइस्क्रीम घे' म्हटलं आणि मी चुकीची पिशवी उघडली.

आमच्या गणपतीचं विसर्जन आम्ही परसातल्या टबात करायचो, खाडीत मगरीच्या तोंडी कोण जाणार! एका वर्षी सकाळी टबातल्या पाण्यात टोड महाराज बसलेले. हे म्हणाले, 'उंदीर सुट्टीवर गेलाय वाटतं.'

प्रश्न : हापूसची पेटी नेता येईल का? — दोन वाचक, दोघेही रत्नागिरी

नाही. ताजं फळ, बी, रोप, काहीही नाही. लोणचं, मसाला, कोकम नेत असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थ असल्याचं लिहा. लिहिलंत तर फार तर ती वस्तू जाईल, लपवलीत तर दंड. माझी आमसुलं दरवेळी सुटली. अंगाऱ्याची पुडी अधिकाऱ्याने उघडली, हुंगली आणि परत दिली.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात साप चावल्यावर हातापायाला बँडेज गुंडाळतात असं वाचलं. आमच्या कॉलेजात प्रथमोपचाराचं शिबिर आहे. आपणही तसंच शिकवावं का? आणि विंचू चावला तर? — विद्यार्थी, गुहागर

नको. बरं झालं विचारलंस, कारण हा प्रश्न चुकला तर कोणाचा तरी पाय जाईल.

तिथली ती पद्धत खरी आहे आणि चांगली आहे. डॉ. स्ट्रुआन सदरलँड यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ती बसवली. चावलेल्या जागेपासून अख्ख्या हाताला किंवा पायाला रुंद क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचं, काठी बांधून अवयव स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही. पण कारण समजून घे. ऑस्ट्रेलियातले जमिनीवरचे धोकादायक साप सगळे नागाच्या कुळातले. त्यांचं विष लसिकेच्या, म्हणजे अंगातल्या पाणसर द्रवाच्या, वाटेने पसरतं. दाबाने आणि न हलण्याने ते पसरणं लांबतं, तेवढ्यात रुग्णालय गाठता येतं. आपल्याकडे कातळावर चावतं ते बहुतेक फुरसं, नाहीतर घोणस. त्यांच्या विषाने चावलेल्या जागेचं मांसच सडतं आणि रक्त गोठेनासं होतं. अशा ठिकाणी पट्टा आवळून विष तिथेच कोंडून ठेवलं तर त्या जागेची आणखी वाट लागते. आणि अंधारात चावलं ते नाग, मण्यार, घोणस की फुरसं, हे गावात कोण छातीठोक सांगणार?

तेव्हा शिबिरात एवढंच शिकवा. माणसाला धीर द्या. अंगठी, बांगड्या, पैंजण, करगोटा काढा, कारण सूज येते. मोडलेल्या हाडाला देतो तसा पट्टीचा आधार देऊन हात-पाय हलणार नाही असं करा. उचलून न्या, चालवू नका, १०८ ला फोन करा. ब्लेड नाही, चोखणं नाही, सुतळीने आवळणं नाही, कोंबडी लावणं नाही, मांत्रिक तर नाहीच नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर एकच असते, त्यामुळे साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणायचा पराक्रमही नको. मी मुंबईला शिकत असताना एकाने पिशवीतून आणलेला 'मेलेला' साप टेबलावर उठून बसला होता.

फुरशाच्या संशयात दवाखान्यात एक साधी तपासणी करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ते वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेलं नसेल तर विष आत गेलंय. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तुमच्या शिबिरात आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा आणि त्यांच्याकडून हे समजून घ्या, पाहुणा म्हणून पुढारी बोलवण्यापेक्षा.

विंचवाचंही विचारलं आहेस. त्याला जागा कमी आहे. एवढंच लक्षात ठेव, की आपल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायची वाट महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवली. कोकणातल्या डॉक्टरने, कोकणातल्या रुग्णांवर.

प्रश्न : माझी हापूसची चारशे कलमं आहेत. अर्धा आंबा माकडं-वानरं नेतात, उरलेला वटवाघळं. तिथले बागायतदार काय करतात? — बागायतदार, देवगड

दादा, आधी मन घट्ट करा. तिथे माकड नाही. रानात एकही माकड नाही, वानर नाही. मी हे एकदा सुट्टीत गावी आल्यावर वाडीत सांगितलं, तर आमचे भाऊजी अर्धा मिनिट काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'आणि तरी तू परत आलीस?'

आंबा तिथे भरपूर. टाउन्सव्हिलच्या दक्षिणेला बोवेन म्हणून गाव आहे, तिथे केन्सिंग्टन प्राइड ही त्यांची मुख्य जात वाढली. गावाच्या वेशीवर दहा मीटर उंच आंब्याचा पुतळा उभा केलाय. हंगाम आपल्या उलटा, नोव्हेंबर ते जानेवारी. दिवाळीनंतर आंबा खाणं जिभेला पटत नाही, पण खाल्ला. चव? तुम्ही देवगडचे, तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू. रस चांगला, बाठा मोठा, वास मात्र खोलीतल्या खोलीत राहतो. हापूस पिकला की शेजारच्या वाडीला कळतं.

शहरात अंगणाअंगणात आंब्याची झाडं आणि खाली सडा. कोणी उचलत नाही! पहिल्या वर्षी मी पाच घरांची दारं वाजवून कैऱ्या मागितल्या आणि बरण्या भरल्या. तिसऱ्या वर्षी त्याच पाच घरांतून लोणच्याची मागणी आली.

वटवाघळं तिथेही येतात, हजारांनी, आणि त्यांना मारायचं नाही असा कायदा. झाडांवर जाळी घालतात, पण बारीक छिद्रांची, ताणलेली. सैल मोठ्या जाळीत वटवाघूळ अडकतं आणि अडकलेलं सोडवायला माणूस हात घालतो. तो हात घालायचा नाही. तिथल्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातला एक विषाणू १९९६ मध्ये सापडला. त्या देशात कुत्र्यांचा रेबीज नाही, पण वटवाघळाने ओरखडलं तरी आपल्याकडची कुत्र्याची लस तीच तिथे देतात. आमच्या आश्रमातला माळी एक पिल्लू दयेने उचलायला गेला आणि सुया टोचून घेऊन आला.

तुमच्या कामाची एक गोष्ट मात्र सांगते. आंब्यावर पानं शिवून घर करणारी तांबडी मुंगी, तुम्ही हुमले म्हणता, आम्ही ओंबील, तीच, अगदी तीच जात तिथे आहे. फक्त तिचं पोट हिरवं. तिथल्या डार्विन शहराकडच्या काही आंबा-बागांत ती मुद्दाम ठेवून किडींवर तिचा उपयोग करून पाहिला आहे. आपण काय करतो? काढणीच्या वेळी चावते म्हणून घरटं जाळतो. सगळी ठेवा म्हणत नाही, मी स्वतः ओरडत झाडावरून उतरलेली बाई आहे. एखाद्या कोपऱ्यात दहा झाडांवर ठेवून बघा आणि दोन हंगामांनी मला कळवा.

माकडांवर उपाय माझ्याकडे नाही. असता तर नर्सची नोकरी केली नसती.

प्रश्न : तुम्ही लोक बाहेर राहून येता आणि प्राण्यांचं कौतुक करता. इथे बिबट्या पडवीतून कुत्रा उचलतो, डुकरं भात तुडवतात, तेव्हा कळतं. तिथे असं काही होत नसेल म्हणून तुमचं प्रेम. — रागावलेला वाचक, संगमेश्वर

राग बरोबर आहे. आमचाही मोत्या बिबट्यानेच नेला.

पण ते लोक संत आहेत असं मी म्हटलं नाही. कांगारू त्यांच्या राष्ट्रीय चिन्हावर आहे आणि त्याचं मांस दुकानात पाकिटातून मिळतं. मगरीला क्वीन्सलँडमध्ये १९७४ पासून संरक्षण आहे, तरी वस्तीजवळ घोटाळणारी मगर ते उचलून नेतातच. डुक्कर तिथेही आहे, गोऱ्यांनीच नेलेलं, आणि उसात धुडगूस घालतं. तिथला शेतकरीही तुमच्यासारखाच शिव्या देतो, फक्त इंग्रजीत.

२०१९ च्या फेब्रुवारीत टाउन्सव्हिलला पूर आला. एरवी वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव ते. रत्नागिरीत तीन हजारांवर पडतो, म्हणून मी त्यांच्या पावसाळ्याला कधी पावसाळा म्हटलं नव्हतं. त्या वेळी दहा दिवसांत वर्षभराचा पडला. धरणाचे दरवाजे उघडले आणि रस्त्यावर मगरी दिसायला लागल्या. आमच्या कपडे धुवायच्या खोलीत अजगर येऊन बसला. पकडणारा माणूस पैसे घेऊन येतो तिथे, पण पाण्यातून तो येणार कसा? दोन दिवस मी धुणं धुतलं नाही. दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडलेलं मी तिथून मोबाइलवर बघत होते. माहेरची माणसं पोटमाळ्यावर होती आणि मी सातासमुद्रापार वॉशिंग मशीन लावत होते. नंतर २०२४ मध्ये चिपळुणात रस्त्यावरून मगर चालत गेल्याचा व्हिडिओ आला, तोवर मी परतले होते. नणंदेने तो मला 'तुझी मैत्रीण आली' म्हणून पाठवला.

प्रेमाचं राहू द्या. तुम्हाला साळुंकीचं सांगते. आपली साळुंकी गोऱ्यांनी १८६०च्या दशकात मेलबर्नला नेली, किडे खाईल म्हणून. तिने किडे खाल्ले की नाही कोण जाणे, पण ढोलीत घरटं करणाऱ्या तिथल्या पोपटांच्या जागा बळकावल्या. आज तिला तिथे कोणी उभं करत नाही, पिंजरे लावून पकडतात. पहिल्या महिन्यात, एकही ओळखीचा चेहरा नसताना, बसस्टॉपवर साळुंकी दिसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी डब्यातला पोळीचा तुकडा टाकला. शेजारच्या बाईने मला झापलं : 'त्यांना खायला घालू नका, त्या इथल्या नाहीत.' बाई वाईट नव्हती, पक्ष्यांबद्दल बोलत होती, आणि तिचं बरोबरही होतं. मी डबा बंद केला. पण बस येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो, मी आणि साळुंकी.

घरातली पालही आपल्याकडचीच तिथे गेलेली, जहाजांतून. तिथल्या मूळ पाली चुकचुकत नाहीत म्हणतात, ही चुकचुकते. तिला कोणी झापलेलं मात्र ऐकलं नाही.

प्रश्न : आम्ही वेळासला घरगुती राहण्या-जेवणाची सोय करतो. कासवांच्या दिवसांत पाहुणे येतात. तिकडे कासवं बघायला नेतात तेव्हा काय वेगळं करतात? — एक गृहिणी, वेळास

वहिनी, तुम्ही मला काय विचारता? २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी तुमच्या वेळासला आली, तुमच्या गावातल्या पोरांनी अंडी खाणं-विकणं सोडून ती राखायला घेतली. हे मी तिथल्या सहकाऱ्यांना छाती काढून सांगायचे. त्यांना वाटायचं मी वाढवून सांगतेय.

तरी विचारलंत म्हणून. टाउन्सव्हिलपासून हजारेक किलोमीटर दक्षिणेला बंडाबर्गजवळ मॉन रेपो नावाचा किनारा आहे. तिथे लॉगरहेड जातीची कासवं येतात, आपल्या ऑलिव्ह रिडलेपेक्षा चांगलीच मोठी. नोव्हेंबरपासून अंडी, जानेवारी ते मार्च पिल्लं. आम्ही एका डिसेंबरात गेलो. तिकीट आधी काढायचं, रात्री केंद्रात बसायचं, आणि रेंजर हाक मारेल तेव्हाच गटाने वाळूवर जायचं. कासव आलं नाही तर तसंच घरी. आमच्या पुढचा गट अकराला गेला, आमची पाळी साडेबाराला आली. मधले तास माणसं चुळबुळ न करता बसून होती, लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपलेली. अंधारात रांगेने चाललो. मोबाइल खिशात. कासवाच्या मागे उभं राहायचं, पुढे नाही. ती वर चढत असताना कोणी हलायचं नाही. अंडी घालायला लागली की मग रेंजर मंद दिवा लावतो, कारण एकदा सुरू झाली की ती थांबत नाही.

तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडताना माणसं दोरीच्या पलीकडे असतात ते उत्तमच आहे. पण गेल्या मार्चमध्ये मी तुमच्याकडे येऊन गेले तेव्हा एक साहेब पोराला खांद्यावर घेऊन दोरीच्या आत उभे होते आणि कार्यकर्ता पोरगा त्यांना 'सर, सर' करत होता. पाहुण्याला झापायला आपल्याला जमत नाही. तिथली रेंजर मुलगी बावीस-तेवीसची असेल, तिने सहा फुटी माणसाला एका शब्दात मागे बसवलं. आदल्या रात्री जेवणं वाढताना तुम्हीच सांगून ठेवा : दोरीच्या आत गेलात तर सकाळचे घावणे मिळणार नाहीत. त्या धाकाला माणसं ऐकतात.

दुसरं दिव्याचं. पिल्लू वाळूतून निघालं की उजेडाच्या दिशेने जातं, आणि समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं म्हणून ते समुद्राकडे पोचतं. बंडाबर्गला हंगामात किनाऱ्याकडच्या घरांनी दिवे कमी करावेत म्हणून मागे लागतात. पिल्लं तुमच्याकडे राखणीत निघतात, पण अंडी घालायला मादी येते ती रात्रीच, आणि लख्ख उजेड दिसला तर ती वाळूवर न चढता माघारी वळते. तुमच्या पडवीत बाहेरच्या बाजूला जो पांढरा एलईडी लावलाय ना, पाहुण्यांना चपला दिसाव्यात म्हणून, तो समुद्राच्या बाजूने स्पष्ट दिसतो. मी वाळूवर उभं राहून बघितला. त्याच्यावर झाकण घाला नाहीतर तांबडा बल्ब लावा.

आणि ओडिशाच्या कासवाची गोष्ट पाहुण्यांना सांगत जा. २०२१ मध्ये तिकडे खूणपट्टी लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरला अंडी घालायला आली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून! आणि २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मला चौदा वर्षांत चार वेळा यायला मिळालं, तेही विमानाने.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवा. 'हा कोणता साप आहे' म्हणून फोटो मात्र पाठवू नका. या महिन्यात सव्वीस आले, त्यातले दोन दोरीचे होते.